फ्लॅटचे बोर्ड लावायला बाहेरचा माणूस ठेवताय? आधी हे वाचा



मागच्या व्हिडिओत आपण कमी भांडवलात इस्टेट एजन्सी कशी सुरू करायची ते बघितलं. त्यात बोर्डांचा विषय दोनच मिनिटांत आटोपला होता. पण नवीन एजंटचा पहिला खर्च बहुतेक वेळा तिथेच होतो. "भाड्याने देणे आहे", "विकणे आहे", "वन बीएचके उपलब्ध", खाली मोठा मोबाईल नंबर. माझं दुकान झेरॉक्स, लॅमिनेशन आणि छपाईचं, तेही पिंपरी-चिंचवडमध्ये. रावेत, पुनावळे, ताथवडे, मोशी असा सगळा नवीन बिल्डिंगांचा पट्टा आजूबाजूला. त्यामुळे असे बोर्ड करून घ्यायला आलेले एजंट मी रोज बघतो. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "सर, बोर्ड छापून होतील, पण ते लावत कोण फिरणार? एखादा पोरगा ठेवू का?"

थोडक्यात उत्तर असं, की ठेवा. पण बोर्ड लावण्याच्या कामात तीन वेगळी कामं असतात. एक, हाताने बोर्ड लावणं. दोन, तो तिथे लावायची परवानगी मिळवणं. तीन, बोर्ड बघून आलेला फोन घेणं. यातलं पहिलं काम बाहेर द्यायला हरकत नाही. दुसरं आणि तिसरं तुमच्याकडेच राहिलं पाहिजे, निदान पहिलं वर्षभर तरी. बहुतेक जण तिन्ही कामं एकाच माणसाच्या गळ्यात टाकतात आणि मग "बोर्डाला काही रिझल्ट नाही" म्हणतात. म्हणून आज हे नीट सोडवून बघू.

आजच्या काळात बोर्ड चालतो का?

चालतो, पण सगळीकडे सारखा नाही. घरांची वेबसाइट आणि ॲप आल्यापासून लांबून शोधणारा माणूस मोबाईलवर शोधतो. पण ज्याच्या मुलाची शाळा याच रस्त्यावर आहे, ज्याची कंपनी दहा मिनिटांवर आहे, जो आत्ता याच सोसायटीत भाड्याने राहतो आणि ज्याला मालकाने घर खाली करायला सांगितलंय, तो त्याच चार गल्ल्यांत घर शोधतो. संध्याकाळी बायकोला घेऊन गाडीवर एक चक्कर मारतो. त्याला तुमचा बोर्ड दिसतो. असा फोन आला, की निम्मं काम झालेलंच असतं, कारण एरिया त्याला आधीच पसंत असतो.

दुसरा फायदा नवीन लोकांच्या लक्षात येत नाही. बोर्ड फक्त भाडेकरू आणत नाही, घरमालकही आणतो. एकाच बिल्डिंगमध्ये तुमचा बोर्ड दोनदा दिसला आणि दोन्ही वेळा महिन्याभरात उतरला, की वरच्या मजल्यावरचा मालक स्वतःहून फोन करतो. इस्टेट एजंटला माल मिळतो तो घरमालकाकडून. घरंच नसतील तर शंभर फोन येऊन काय उपयोग?

बाहेरची मदत म्हणजे नक्की कोण?

हे आधी स्पष्ट करून घ्या, कारण प्रत्येकाचा दर वेगळा आणि धोकाही वेगळा.

१. डिझाइन आणि छपाईवाला. हा फ्लेक्स, सनपॅक, सनबोर्ड छापून देतो. फ्लेक्सचा दर चौरस फुटावर असतो, तर छोटे सनपॅक बोर्ड नगावर मिळतात. बाल्कनीच्या ग्रिलला बांधायला सनपॅक बरा, हलका असतो आणि पावसात भिजून खराब होत नाही. छापायला देताना एक विचारा: "जाडी किती?" १ जुलै २०२२ पासून देशभर १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लॅस्टिक किंवा पीव्हीसीच्या बॅनरवर बंदी आहे. खूपच स्वस्त रेट ऐकलात, तर हे आधी विचारायचं.

२. बोर्ड लावणारा. आपल्याकडे याला फिटर म्हणतात. शिडी, तार, केबल टाय घेऊन येतो. नगावर किंवा दिवसावर पैसे घेतो.

३. जाहिरात एजन्सी. मोठं होर्डिंग, चौकातली जागा, खांबावरचे किऑस्क या जागा एजन्सीकडे असतात आणि त्या महिन्याच्या भाड्याने मिळतात. रिक्षाच्या मागचं बॅनरही अशाच कुणाकडून करून मिळतं.

४. सुट्टीच्या दिवशीची मुलं. शनिवार-रविवारी नवीन साइटच्या रस्त्यावर बाणाचा फलक धरून उभी असतात, पत्रकं वाटतात.

५. फोन घेणारा किंवा घेणारी. बोर्डावर त्यांचा नंबर, आणि चौकशी लिहून तुम्हाला पाठवायची.

नवीन एजंटला सुरुवातीला फक्त पहिल्या दोघांची गरज असते. तिसऱ्याची गरज बिल्डरला असते, तुम्हाला नाही. पाचवा का नको, ते पुढे सांगतो.

बोर्ड कुठे लावायचा, हे फिटरवर सोडू नका

आता मुद्द्याचं बोलू. फिटरला तुम्ही वीस बोर्ड दिले आणि "चांगल्या ठिकाणी लाव" म्हणालात, तर तो कुठे लावेल? जिथे पटकन लागतील तिथे. विजेच्या खांबाला, झाडाला खिळा ठोकून, डीपीच्या जाळीला, दुभाजकाला, महापालिकेच्या भिंतीला. त्याला नगावर पैसे मिळतात, त्यामुळे त्याच्या दृष्टीने तो बरोबरच करतोय.

पण बोर्डावर नंबर कुणाचा आहे? तुमचा. माझ्याकडे बोर्ड करून घेणाऱ्या एका एजंटने असेच बोर्ड एका ओळखीच्या मुलाला दिले होते. त्याने एका रात्रीत सगळे लावले. तिसऱ्या दिवशी पालिकेच्या माणसांनी निम्मे उतरवून गाडीत टाकले आणि फोन या एजंटला आला. मुलाचा फोन तोवर बंद. छपाई गेली, मजुरी गेली, वर दंडाची बोलणी याला करावी लागली.

कायदाही याच दिशेने बघतो. १९९५ चा महाराष्ट्राचा मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध कायदा आहे. लोकांच्या नजरेस पडणाऱ्या जागा परवानगीशिवाय जाहिरातीने विद्रूप केल्या, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यात शिक्षा आहे. ते काम स्वतः केलं काय किंवा दुसऱ्याकडून करवून घेतलं काय, सुटका नाही. ज्याच्या फायद्यासाठी बोर्ड लागला, त्यालाही जबाबदार धरता येतं. म्हणजे "मी लावला नाही, माझ्या माणसाने लावला" हे उत्तर तिथे पुरत नाही.

महापालिका हद्दीत आणखी एक गोष्ट माहिती हवी. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९, कलम २४५. जमिनीवर, इमारतीवर, भिंतीवर जाहिरात लावायची तर आयुक्तांची लेखी परवानगी लागते, हा त्यातला मुख्य नियम. पण त्यालाच काही अपवाद आहेत आणि त्यातला एक थेट आपल्या धंद्याचा आहे. ज्या इमारतीवर किंवा जागेवर बोर्ड आहे, तीच इमारत किंवा जागा विकायची वा भाड्याने द्यायची असेल, आणि बोर्डाला दिवे नसतील, छतावर उंच उभा केलेला नसेल, तर त्या बोर्डाला ही परवानगी लागत नाही.

हे दोनदा वाचा. म्हणजे ज्या फ्लॅटचं काम तुमच्याकडे आहे, त्याच फ्लॅटच्या बाल्कनीला, मालकाच्या संमतीने लावलेला साधा बोर्ड ही तुमची सगळ्यात सुरक्षित जाहिरात आहे. आणि पुढे हिशोबात दिसेल, की बऱ्याचदा सगळ्यात स्वस्तही तीच पडते. याउलट "रावेतमध्ये सर्व प्रकारचे फ्लॅट मिळतील" असा बोर्ड चौकात लावलात, की तो परवानगीवाला बोर्ड झाला.

तरी एकदा आपल्या पालिकेच्या आकाशचिन्ह व परवाना विभागात जाऊन विचारून या, कारण जाहिरात फलकांसाठी २०२२ चे वेगळे नियमही आहेत. मुंबईला, नगरपालिकेला आणि ग्रामपंचायतीला कायदे वेगळे, त्यामुळे तिथल्या लोकांनी आपापल्या कार्यालयात विचारावं. एका अर्ध्या दिवसाचं काम आहे, एजन्सी सुरू करायच्या आधीच उरकून टाका.

आणि हो, सोसायटीची संमती ही वेगळी गोष्ट आहे. मालक "लावा की" म्हणतो, पण कमिटीला बाहेरच्या बाजूला बोर्ड चालत नाहीत. मग वॉचमन तो उतरवून जिन्याखाली टाकतो. म्हणून चेअरमन किंवा सेक्रेटरींना आधी भेटा. मालकाची संमती व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी घ्या: "अमुक फ्लॅटच्या बाल्कनीला तुमचा बोर्ड अमुक तारखेपर्यंत लावायला माझी हरकत नाही." एवढं एक वाक्य पुरतं. एकाच बाल्कनीला तीन एजंटचे बोर्ड लटकलेले तुम्ही पाहिले असतील. तिथे मालक वैतागून चौथा बोर्ड स्वतःच लावतो, "एजंटांनी फोन करू नये"!

ही संमती मिळवायला फिटरला पाठवू नका. मालकाशी आणि चेअरमनशी झालेली ती पाच मिनिटांची ओळख हेच तुमचं भांडवल आहे. ते फिटरच्या नावावर जमा करून काय उपयोग?

मोठ्या होर्डिंगचा मोह

"सर, चौकात मोठं होर्डिंग घेऊ का?" नवीन असाल तर नका घेऊ. पैशांचा प्रश्न आहेच, पण दुसरंही कारण आहे. १३ मे २०२४ ला घाटकोपरला वादळात पेट्रोल पंपावर पडलेलं होर्डिंग १२० बाय १२० फुटांचं होतं. मुंबई महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फूट. त्यात १७ जणांचा जीव गेला. त्याआधी, १७ एप्रिल २०२३ ला आमच्या इथे किवळ्याला महामार्गाच्या कडेला होर्डिंग कोसळलं आणि ५ माणसं गेली. पाऊस आला म्हणून आडोशाला थांबलेली साधी माणसं होती.

पुढे कधी घ्यायचंच झालं, तर एजन्सीकडून दोन कागद मागा: पालिकेचा चालू परवाना आणि स्ट्रक्चरल स्टॅबिलिटीचं प्रमाणपत्र. "सगळं आहे, काळजी करू नका" हा कागद नसतो. कागद दाखवायला टाळाटाळ झाली, तर जागा कितीही मोक्याची असो, सोडून द्या.

नवीन प्रोजेक्टचा बोर्ड असेल तर रेरा बघा

जुना फ्लॅट भाड्याने देणं वेगळं आणि बिल्डरच्या नवीन प्रोजेक्टमधले फ्लॅट विकणं वेगळं. रेरा नोंदणीच्या प्रोजेक्टमधला फ्लॅट विकायला मदत करायची, तर एजंटची स्वतःची महारेरा नोंदणी लागते. आता त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही आहे. नोंदणीशिवाय काम केलं, तर रेरा कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे दिवसाला दहा हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि तो त्या मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

प्रोजेक्टच्या जाहिरातीवर महारेरा नोंदणी क्रमांक आणि वेबसाइटचा पत्ता लागतो. १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही लागतो. त्यामुळे छपाईवाल्याला नेटवरून उचललेला फोटो आणि प्रोजेक्टचं नाव देऊन "मस्त बनव" म्हणू नका. बिल्डरच्या ऑफिसकडून तयार मजकूर ईमेलवर मागवा आणि तोच छापा. प्रूफ तुम्ही स्वतः तपासा, मोबाईलने क्यूआर स्कॅन करून बघा. क्रमांकात एक आकडा चुकला, तर त्याचं उत्तर छपाईवाला देणार नाही, तुम्हालाच द्यावं लागेल.

फिटर कसा निवडायचा?

ओळखीचा आहे, स्वस्त आहे, एवढ्यावर निवडू नका. हे पाच प्रश्न विचारा:

१. याआधी कुणाचे बोर्ड लावलेत? त्यातला एक आत्ता जाऊन बघता येईल का? जाऊन बघाच. बोर्ड सरळ आहे का, बांधणी घट्ट आहे का, लगेच कळतं.

२. शिडी स्वतःची आहे का, आणि सोबत दुसरा माणूस असतो का? एकट्याने शिडीवर चढून काम करायचं नाही, हे आधीच सांगा. विजेच्या तारांजवळ तर अजिबात नाही. तो पडला तर माणूस जाईल. तुमच्या तीनशे रुपयांच्या बोर्डासाठी कुणाचं घर उघड्यावर पडू नये. काम दिवसाउजेडी. "रात्रीच लावू, कुणी बघत नाही" असं कुणी म्हणालं, तर त्याला काम देऊ नका. जागा परवानगीची असेल तर रात्र कशाला हवी?

३. बोर्ड काढायला येणार का? बहुतेक जण लावतात आणि विसरतात. फ्लॅट जाऊन दोन महिने झाले तरी बोर्ड तिथेच. मग मालकाला फोन येत राहतात आणि तो तुमच्या नावाने बोटं मोडतो.

४. फोटो पाठवणार का? साधा नाही, जागा आणि वेळ दिसणारा. जीपीएस मॅप कॅमेरासारखं ॲप मोबाईलवर टाकलं, की फोटोवर पत्ता, तारीख, वेळ येते.

५. आमच्याच एरियातल्या दुसऱ्या एजंटचं काम करता का? करत असेल तर गुन्हा नाही, पण तुमच्या मालकांचे नंबर त्याच्या हातात देऊ नका.

एका पानावर लिहून घ्या

वकील नको, स्टँप पेपर नको. साध्या कागदावर किंवा व्हॉट्सॲपवर एवढं लिहा आणि त्याच्याकडून "मान्य" असं उत्तर घ्या:

- बोर्ड किती, कुठल्या मापाचे.
- जागांची यादी, बिल्डिंगच्या नावासकट. यादीबाहेर एकही बोर्ड नाही.
- खांब, झाड, डीपी, दुभाजक, सरकारी भिंत, बसथांबा, स्मशानभूमी, शाळेचं गेट इथे बोर्ड नाही.
- लावायची तारीख आणि काढायची तारीख.
- प्रत्येक बोर्डाचा फोटो त्याच दिवशी.
- पैसे किती, कधी, कसे.

आणि एक छोटी युक्ती. बोर्डाच्या कोपऱ्यात मार्करने क्रमांक टाका: १, २, ३... म्हणजे एकाच बोर्डाचे चार बाजूंनी काढलेले फोटो चार बोर्ड म्हणून येत नाहीत. हाच क्रमांक पुढे फोनच्या हिशोबालाही कामी येतो.

पहिल्या पाच बोर्डांना मात्र तुम्ही सोबत जा. उंची किती ठेवायची, रस्त्यावरून नंबर वाचता येतो का, झाडाची फांदी आड येते का, हे समोर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. नंतरचे पंधरा तो तसेच लावेल.

पैसे तीन टप्प्यांत द्या

सगळे आधी देऊ नका, आणि सगळे अडकवूनही ठेवू नका. हातावर पोट असलेला माणूस आहे. त्याला सामान आणायलाही पैसे लागतात. मला पटलेली वाटणी अशी: सामानापुरते आधी, मोठा हिस्सा फोटो आल्यावर त्याच संध्याकाळी, आणि राहिलेला पंधरा दिवसांनी बोर्ड जागेवर असल्याचं बघून. बोर्ड काढून परत आणला, की त्याचे वेगळे पैसे. परत आलेला सनपॅक बोर्ड पुसून पुन्हा वापरता येतो, म्हणजे तुमची पुढची छपाई वाचते.

वेळेवर पैसे देणाऱ्या एजंटचं काम फिटर आधी करतो. पावसाळ्यात सगळ्यांचे बोर्ड एकाच वेळी फाटतात, तेव्हा याची किंमत कळते.

फोन दुसऱ्याच्या हातात का द्यायचा नाही?

बोर्ड बघून फोन करणारा माणूस उभ्या उभ्या फोन करतो. गाडी स्टँडवर, हेल्मेट हातात. त्याला तीनच गोष्टी हव्या असतात: भाडं किती, डिपॉझिट किती, आत्ता बघता येईल का? "सर मीटिंगमध्ये आहेत, नंतर कॉल करतील" असं ऐकलं, की तो पुढच्या बोर्डावरचा नंबर लावतो. दहा मिनिटांत गिऱ्हाईक गेलं.

शिवाय फोनवर माहिती मिळते. लोक टू बीएचके विचारतायत की वन? दोन गाड्यांचं पार्किंग किती जण विचारतात? बॅचलरना नाही म्हणणारे मालक किती, आणि तशी मुलं किती फोन करतात? महिनाभर स्वतः फोन घेतलेत, तर तुमचा एरिया तुम्हाला तोंडपाठ होतो. हे ज्ञान पगारी फोन घेणाऱ्याकडे गेलं, तर वर्षाने तो स्वतःची एजन्सी उघडेल, आणि त्यात त्याचं काही चुकणार नाही!

म्हणून बोर्डासाठी वेगळं सिम घ्या, पण फोन स्वतःच्या खिशात ठेवा. व्हॉट्सॲप बिझनेसवर स्वतःचा क्यूआर तयार होतो आणि त्यात आधीच लिहिलेला मेसेज टाकता येतो. तो बोर्डावर छापलात, तर रात्री बघणाऱ्यालाही चौकशी टाकता येते.

प्रत्येक फोनला शेवटी एकच प्रश्न: "बोर्ड कुठे बघितलात?" आणि वहीत पाच रकाने: तारीख, नाव, काय हवंय, बोर्ड क्रमांक, पुढे काय झालं.

हिशोब करून बघू

आता वही काय सांगते ते बघा. आकडे उदाहरणादाखल घेतलेत, तुम्ही तुमच्या गावातले दर टाका.

समजा वीस बोर्ड लावले. एका बोर्डाची छपाई १५० रुपये, लावायचे १००, काढून आणायचे ३०. एका बोर्डामागे २८०, म्हणजे वीस बोर्डांचे ५,६०० रुपये. महिन्यात फोन आले २८.

यावर एजंट खूश होतो: "२८ फोन, दोनशे रुपयाला एक फोन, परवडलं!" पण थांबा. वहीत बघितलं, तर यातले १८ फोन नुसतेच. कुणी दुसरा एजंट, कुणी कर्ज देणारा, कुणाला भलतंच बजेट. कामाचे फोन १०. म्हणजे कामाचा एक फोन ५६० रुपयांना पडला.

आता बोर्ड क्रमांक लावून वेगळं करू. समजा वीसपैकी १२ बोर्ड परवानगी घेऊन मेन रोडच्या दुकानांवर लावलेले, आणि ८ बोर्ड ज्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट आहे तिथेच. मेन रोडवरून आले १९ फोन, त्यातले कामाचे ३. खर्च ३,३६०, म्हणजे एका कामाच्या फोनला १,१२० रुपये. बिल्डिंगवरच्या बोर्डांना आले फक्त ९ फोन, पण कामाचे ७. खर्च २,२४०, म्हणजे एका कामाच्या फोनला ३२० रुपये. आणि मेन रोडच्या परवानगीची फी अजून यात धरलेलीच नाही.

नुसते फोन मोजले असते, तर तुम्ही पुढच्या महिन्यात मेन रोडवर आणखी बारा बोर्ड लावले असते. वही होती म्हणून कळलं, की पैसे आठ बोर्डांनी कमावले. तुमच्या एरियात हे उलटंही निघू शकतं. जिथे नुकतीच शेकडो फ्लॅटची नवीन वस्ती होतेय, तिथे मुख्य रस्ता चांगला चालू शकतो. पण हे अंदाजाने ठरवू नका, वहीला ठरवू द्या.

माणूस अजून ठेवूच नका, असं कधी?

हातात पाचपेक्षा कमी फ्लॅट असतील तेव्हा. पाच बोर्ड स्वतः बांधायला एक सकाळ लागते. त्या सकाळी तुम्हाला पाच वॉचमन, दोन चेअरमन आणि कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला भेटेल. कुठला फ्लॅट खाली होणार हे इस्त्रीवाल्याला सगळ्यांच्या आधी कळतं, कारण कपडे यायचे थांबतात! ही ओळख विकत मिळत नाही.

पंधरा-वीस फ्लॅट झाले, आठवड्याला दोन-चार बोर्ड लावणं-काढणं सुरू झालं, की मग फिटर ठेवा. तेव्हा तुमचा तास शिडीवर घालवण्यापेक्षा घर दाखवण्यात जास्त कमावतो.

या आठवड्यात एवढं करा

सोमवारी पालिकेच्या परवाना विभागात एक चक्कर. मंगळवारी तुमच्या हातातल्या फ्लॅटच्या मालकांची लेखी संमती. बुधवारी प्रूफ तपासून फक्त पाच बोर्ड छापा, क्रमांक टाका. गुरुवारी फिटरसोबत जाऊन लावा किंवा स्वतः लावा. शुक्रवारी वहीचे पाच रकाने आखून नवीन सिम चालू. मग महिनाभर काही बदलू नका, फक्त लिहीत जा.

महिन्याने वही उघडाल, तेव्हा सहावा बोर्ड कुठे लावायचा हे मला विचारायची गरज पडणार नाही. आणि बोर्ड उतरवायची तारीख कॅलेंडरला आत्ताच टाकून ठेवा. फ्लॅट गेला त्याच आठवड्यात ज्याचा बोर्ड उतरतो, त्या एजंटला मालक पुढचा फ्लॅटही देतो.

पुढच्या व्हिडिओत घरमालकाशी ब्रोकरेजचं बोलणं पहिल्याच भेटीत कसं करायचं ते बघू. तोवर कामाला लागा!